मेंदूच्या बाह्यकाची स्लाइड कशी वाचावी

मेंदूच्या बाह्यकाला, म्हणजेच कॉर्टेक्सला, सहा थर असतात हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. पण त्याच विद्यार्थ्यापुढे स्लाइड ठेवून ‘आता यातले थर दाखव’ असे म्हटले, की तो बराच वेळ नेत्रभिंगात डोळा घालून बसतो आणि शेवटी ‘सर, रेषा दिसतच नाहीत’ असे सांगतो. नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऊतिशास्त्र प्रयोगशाळेत शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी एकच उत्तर देतो, की तुझे बरोबर आहे, रेषा नाहीतच. आकृतीतल्या रेघा समजावण्याच्या सोयीसाठी ओढलेल्या असतात. प्रत्यक्षात पेशी कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, कुठे थोराड होतात आणि कुठे खसखशीएवढ्या उरतात, एवढाच फरक असतो. तो फरक ओळखायला डोळा कसा बसवावा, हे या लेखात सांगायचे आहे. वैद्यकाचे विद्यार्थी, जीवशास्त्राचे शिक्षक आणि ज्यांना साधा पण चांगला मायक्रोस्कोप हाताळायला मिळतो अशा सर्वांना ही पद्धत वापरता येईल.

हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असावी. मानवी मेंदूची स्लाइड ही कुणाच्या तरी देहदानातून किंवा शवविच्छेदनातून आलेली असते. आमच्याकडे नव्या तुकडीला पहिल्याच तासाला हे सांगितले जाते आणि त्यानंतर मुले स्लाइड वेगळ्या तऱ्हेने धरतात, असा माझा अनुभव आहे.

आता स्लाइड मायक्रोस्कोपवर न चढवता आधी खिडकीच्या उजेडासमोर धरावी. बहुतेक महाविद्यालयांत हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीने रंगवलेला छेद मिळतो. त्यात पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. नुसत्या डोळ्यांनीही छेदाची नागमोडी कड दिसेल. बाहेर फुगलेला भाग म्हणजे वळी आणि आत शिरलेला भाग म्हणजे दोन वळ्यांमधली खाच. कडेला लागून एक पट्टा असतो आणि त्याच्या आत निराळ्या छटेचा गाभा. तो पट्टा म्हणजे करडे द्रव्य, अर्थात आपले बाह्यक. गाभा म्हणजे श्वेत द्रव्य. या पट्ट्याची जाडी माणसात साधारण २ ते ४ मिलिमीटर असते आणि ऊती मेणात बसवण्यापूर्वीच्या प्रक्रियेत आकसत असल्याने स्लाइडवर ती थोडी कमीच भरते. एवढ्याशा जाडीत सुमारे १६ अब्ज चेतापेशी सामावलेल्या आहेत. संपूर्ण मेंदूतील चेतापेशींची २००९ मध्ये झालेली मोजणी सुमारे ८६ अब्ज आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य पेशी लहान मेंदूत असतात, ही बाब पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नेहमीच चकित करते.

पाहण्यासाठी जागा निवडणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे आणि बहुतेक जण ते गाळतात. वळीच्या माथ्यावर आतले थर पसरून जाड झालेले असतात, तर खाचेच्या तळाशी तेच थर दबून पातळ होतात आणि वरचे थर तुलनेने जाड दिसतात. म्हणून वळीची सरळ उतरणारी बाजू, जणू भिंतच, पाहण्यासाठी निवडावी. शिवाय सुरी पृष्ठभागाला काटकोनात चालली होती की तिरपी, हेही तपासावे लागते. छेद तिरपा असेल तर एखादा थर अवाजवी रुंद दिसतो आणि कितीही निरखले तरी हिशेब जुळत नाही. त्याची खूण पुढे येईल. तूर्त तीनचार जागा मनात धरून ठेवाव्यात.

मायक्रोस्कोपबद्दल थोडक्यात. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि बुरशी धरलेल्या भिंगातून बाह्यकाचे थर तर सोडाच, केंद्रकाची कडही धड दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात मायक्रोस्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवावा आणि पुड्यांचा रंग उतरला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. स्लाइड चढवताना आच्छादन काच वरच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. ती उलटी ठेवली तर ४० एक्सला, म्हणजे चाळीसपट मोठे दाखवणाऱ्या वस्तुभिंगाला, काही केल्या फोकस होत नाही आणि घाईने मोठा स्क्रू फिरवला की काच फुटते. वीस वर्षे जपलेली एक उत्तम स्लाइड माझ्याच हातून अशी गेली आहे. तेव्हापासून मोठा स्क्रू फक्त ४ एक्सला आणि पुढे केवळ बारीक स्क्रू, हा नियम मी कधी मोडलेला नाही.

ठाणे स्थानकाच्या पादचारी पुलावरून सकाळी नऊच्या सुमारास खाली पाहिले, तर फलाटावर गर्दी कुठे दाटली आहे आणि कुठे मोकळी जागा आहे, हे एका नजरेत कळते. त्याच गर्दीत उतरले की शेजाऱ्याच्या पिशवीपलीकडे काही दिसत नाही. ४ एक्सचे वस्तुभिंग म्हणजे तो पूल आहे. नेत्रभिंगावर १८ हा क्षेत्रांक असेल, तर त्याला ४ ने भागून ४ एक्सला दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाचा, व्यास साडेचार मिलिमीटर येतो, म्हणजे बाह्यकाची संपूर्ण जाडी एका नजरेत मावते. १० एक्सला हाच व्यास १.८ मिलिमीटर होतो आणि ४० एक्सला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ज्याला थर पाहायचे आहेत त्याने निदान पहिली पंधरा मिनिटे ४ एक्स सोडू नये. डोळे किंचित मिटून पाहावे, किंवा बारीक स्क्रू जरासा फिरवून चित्र मुद्दाम धूसर करावे. पेशी एकेकट्या दिसेनाशा झाल्या की गडद-फिकट पट्टे आपोआप वर येतात. मायक्रोस्कोप हाताशी नसेल तेव्हा नेत्रभिंग काढून, उलटे धरून, हातभिंगासारखे स्लाइडवर ठेवले तरी हे पट्टे चांगले दिसतात.

थर एक ते सहा या क्रमाने शोधू नयेत. आधी दोन टोके पक्की करावीत. वरचे टोक म्हणजे मृदुतानिका, पृष्ठभागाला चिकटलेला पातळ पापुद्रा, ज्यात लहान रक्तवाहिन्या दिसतात. खालचे टोक म्हणजे श्वेत द्रव्याची सुरुवात. तिथे चेतापेशी जवळजवळ संपतात आणि लहान गोल केंद्रके तंतूंना समांतर रांगा धरून बसलेली दिसतात. ही दोन टोके कागदावर आखून घ्यावीत. आमच्याकडे मुलांना पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब चौकट काढायला सांगतो आणि सगळे टिपण त्या चौकटीतच होते. चित्रकला यायला हवी असे मुळीच नाही. ठिपके देता आले तरी पुरे. ठिपके देताना हात जिथे थबकतो, तिथेच बहुधा थर बदललेला असतो.

टोकांनंतर पहिला थर घ्यावा, कारण तो ओळखायला सर्वांत सोपा आहे. मृदुतानिकेच्या लगेच खाली, जाडीच्या साधारण दशांशाएवढा पट्टा जवळजवळ रिकामा दिसतो. भरतीनंतर ओहोटी लागलेल्या खाडीकाठासारखा, सपाट आणि फिका. याला आण्विक थर म्हणतात. त्यात चेतापेशी मोजक्याच असतात आणि दिसणारी बहुतेक केंद्रके आधारपेशींची असतात. पण तो रिकामा नाही. खालच्या थरांतील पेशींच्या शिखरांकडून आलेल्या वृक्षिकांचे (संदेश घेणाऱ्या फांद्यांचे) शेंडे आणि आडवे धावणारे अक्षतंतू (संदेश पुढे नेणारे तंतू) यांची तिथे दाट वीण असते. या रंगात ती नुसती गुलाबी जमीन म्हणून दिसते, इतकेच.

त्यानंतर दुसऱ्याकडे न वळता चौथा शोधावा. जाडीच्या साधारण मध्यावर लहान, गोल, दाटीवाटीने बसलेल्या पेशींचा एक गडद पट्टा दिसतो का, ते पाहावे. तो अंतर्कणिक थर. मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या केंद्राकडून येणारे संवेदनांचे संदेश प्रामुख्याने याच थरात उतरतात आणि ते झेलणाऱ्या पेशी आखूड वृक्षिकांच्या, चांदणीसारख्या असतात. हा पट्टा सापडला की चौकटीचे वरची आणि खालची अशी दोन दालने होतात आणि पुढचे काम निम्म्याने हलके होते.

वरच्या दालनात, पहिल्या थराला लागून, दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या बारीक पेशींची गर्दी असते. हा दुसरा, बाह्य कणिक थर. तिथून खाली उतरताना पेशी हळूहळू मोठ्या आणि विरळ होत जातात व त्यांना शिंगाड्यासारखा त्रिकोणी आकार येतो. हा तिसरा, बाह्य पिरॅमिडल थर, जो बहुतेक ठिकाणी सर्वांत रुंद असतो. दुसरा कुठे संपला आणि तिसरा कुठे सुरू झाला याचा वाद घालण्यात वेळ दवडू नये. दोन्ही थरांतल्या पेशी प्रामुख्याने बाह्यकाच्याच इतर भागांकडे, आणि महासंयोजी पिंडातून पलीकडच्या गोलार्धाकडे, अक्षतंतू पाठवतात. त्यामुळे त्यांना एका कुटुंबातले मानले तरी वाचन चुकत नाही.

खालच्या दालनात आधी पाचवा थर येतो. चौथ्याच्या दाटीनंतर तो मोकळा वाटतो आणि त्या मोकळिकीत मोठे पिरॅमिड एकेकटे उभे असतात. मेंदूच्या खोडाकडे आणि मेरुरज्जूकडे जाणारे आदेश या पेशींकडून निघतात. सर्वांत आत सहावा, बहुरूपी थर; त्यात चात्यांसारख्या, त्रिकोणी, वेड्यावाकड्या अशा नाना आकारांच्या पेशी असतात, त्यांतल्या अनेक थॅलॅमसकडे परतीचे तंतू पाठवतात आणि हा थर श्वेत द्रव्यात अस्पष्टपणे मिसळून जातो. त्याची खालची सीमा ठामपणे आखणारा विद्यार्थी दिसला, की त्याने स्लाइड न पाहता पुस्तक पाहिले आहे, हे मला कळते.

आता पूल उतरून फलाटावर यावे, म्हणजे ४ एक्सवरून, १० एक्सवर थांबत, ४० एक्सवर जावे. पाचव्या थरातली एक ठसठशीत पेशी मध्यभागी आणावी आणि तिच्याजवळ निदान पाच मिनिटे थांबावे. पेशीचा टोकदार भाग पृष्ठभागाकडे रोखलेला असतो आणि त्या टोकातून एक फिकट गुलाबी देठ वर जाताना दिसतो, ती शिखर-वृक्षिका. छेद काटकोनात गेला असेल, तर हा देठ बराच लांबपर्यंत अखंड दिसतो आणि शेजारच्या पेशींचे देठही त्याला समांतर असतात. तो लगेच तुटत असेल आणि पेशी त्रिकोणी न दिसता नुसत्या गोल दिसत असतील, तर छेद तिरपा आहे असे समजून मनात धरलेल्या दुसऱ्या जागेकडे वळावे. मघाशी म्हटलेली खूण ती हीच.

पेशीच्या आत मोठे, फिके, गोल केंद्रक असते आणि त्याच्या मधोमध एकच गडद ठिपका, केंद्रिका. घुबडाच्या डोळ्यासारखे हे चित्र एकदा मनात ठसले की चेतापेशी ओळखायला पुन्हा विचार करावा लागत नाही. भोवतीच्या पेशीद्रवात निळसर खडबडीत कण विखुरलेले असतात. जर्मन वैद्य फ्रान्झ निस्ल यांच्या नावाने ओळखले जाणारे हे कण म्हणजे रायबोसोमने भरलेले अंतर्द्रव्यजालिकेचे ढीग, प्रथिने घडवणारे कारखानेच. पेशीच्या तळाशी ज्या उंचवट्यातून अक्षतंतू निघतो तिथे मात्र हे कण नसतात. तो भाग स्वच्छ, फिका दिसतो. क्रेसिल व्हायोलेटने रंगवलेली स्लाइड मिळाली तर हा फरक अधिक उठून दिसतो. वयस्क व्यक्तीच्या पेशीत एका बाजूला पिवळसर तपकिरी चुरा साठलेला दिसला, तर तो लायपोफ्युसिन, वयाबरोबर साचणारे रंगद्रव्य. तो रोग समजू नये.

आकाराचा अंदाज घ्यायला पट्टी शोधण्याची गरज नाही. जवळच्या केशवाहिनीत एखादी तांबडी रक्तपेशी अडकलेली सापडतेच. ती सुमारे सात मायक्रॉनची असते. तिच्याशी ताडून पाहिले की दुसऱ्या थरातली पेशी तिच्या दीडपट आणि पाचव्यातली कित्येकपट असल्याचे लगेच दिसते.

चेतापेशींच्या भोवती जी लहान केंद्रके दिसतात त्यांत तीन घराणी वेगळी करायला शिकावे. फिके, अंडाकृती, मोकळे केंद्रक असेल आणि भोवती पेशीद्रव जवळजवळ दिसत नसेल, तर ती तारकापेशी, अर्थात अ‍ॅस्ट्रोसाइट. मिऱ्याच्या दाण्यासारखे लहान, गोल, गडद केंद्रक आणि भोवती रिकामे वलय असेल, तर ती ऑलिगोडेंड्रोसाइट. हे वलय फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकवताना तयार होते, जिवंत पेशीत ते नसते. बारीक, लांबट, स्वल्पविरामासारखे वाकलेले केंद्रक असेल, तर ती बहुधा मायक्रोग्लिया. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण केशवाहिनीच्या भिंतीतल्या पेशीचे केंद्रकही तसेच लांबट दिसते आणि साध्या रंगात अनुभवी माणूसही इथे खात्री देत नाही.

फसवणाऱ्या आणखी एका गोष्टीची नोंद हवी. काही छेदांत अनेक चेतापेशी आकसलेल्या, काळपट, आणि मळसूत्रासारख्या पीळदार वृक्षिकांच्या दिसतात. विद्यार्थी त्यांना मेलेल्या पेशी ठरवतो. वास्तविक मेंदू फॉर्मॅलिनमध्ये घट्ट होण्यापूर्वी दाबला किंवा हाताळला गेला, की असे होते. रक्तपुरवठा तुटून मेलेली चेतापेशीही आकसते, पण तिचे पेशीद्रव भडक गुलाबी होते, निस्लचे कण नाहीसे होतात आणि केंद्रक गडद होऊन आक्रसते. या दोघींची गल्लत पुढे रोगनिदानात महाग पडते, म्हणून फरक आत्ताच शिकून घ्यावा.

इथवर आलेल्या वाचकाने दुसरी स्लाइड घ्यावी, कारण बाह्यकाचे खरे वाचन तुलनेतच होते. कोर्बिनियन ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये पेशींच्या रचनेवरून बाह्यकाचे क्षेत्रनिहाय नकाशे प्रसिद्ध केले आणि त्यांनी दिलेले क्रमांक आजही वापरात आहेत. त्यांतल्या क्षेत्र ४ ची, म्हणजे हालचालींच्या प्रमुख क्षेत्राची, स्लाइड मिळवावी. तिच्यात मघाशी शिकलेली चौथ्या थराची खूण शोधायला गेल्यास ती सापडत नाही. प्रौढ माणसात तिथे कणिक थर वेगळा दिसतच नाही आणि तिसरा व पाचवा जवळजवळ एकमेकांना भिडतात. बाह्यक मात्र इथे सर्वांत जाड असते. पाचव्या थरात १८७४ मध्ये कीव्हच्या व्लादिमिर बेट्झ यांनी वर्णन केलेले महाकाय पिरॅमिड दिसतात, ज्यांची उंची शंभर मायक्रॉनच्या घरात जाऊ शकते. पहिली बेट्झ पेशी सापडल्यावर शेजारच्याला हाक मारल्याशिवाय राहवत नाही, आणि तशी मारावीही. मात्र मेरुरज्जूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी जेमतेम तीन टक्के या महाकाय पेशींचे असतात. उरलेले काम लहान पिरॅमिड करतात, हे हाक मारून झाल्यावर लक्षात घ्यावे.

आता क्षेत्र १७, डोक्याच्या मागील बाजूचे दृष्टीचे क्षेत्र. इथे सगळे उलट आहे. बाह्यक पातळ, जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास, पण चौथा थर इतका रुंद की त्याचे उपथर पाडावे लागतात. दाट कणांमध्ये एक विरळ पट्टा आडवा धावताना दिसतो. तो विरळ पट्टा म्हणजे आवरणयुक्त तंतूंचा जुडगा आणि तो सूक्ष्मदर्शकाशिवायही, ताज्या कापलेल्या मेंदूवर पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. पार्मा येथे वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या फ्रान्चेस्को जेन्नारी याने ती रेघ १७७६ मध्ये पाहिली. बाह्यक सगळीकडे एकसारखे नाही याचा तो पहिला पुरावा होता, आणि तो एका विद्यार्थ्याला नुसत्या डोळ्यांनी मिळाला, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. विच्छेदनाच्या वेळी मेंदूच्या मागच्या भागाचा काप हातात आला, तर या क्षेत्रातल्या खाचेच्या काठावर ही रेघ जरूर शोधावी.

एकाच रंगावर विसंबून राहिले तर बाह्यकाचे एकच अंग कळते. निस्लच्या पद्धतीत, म्हणजे मघाच्या क्रेसिल व्हायोलेटसारख्या रंगात, पेशींची शरीरे दिसतात, पण फांद्या दिसत नाहीत. लक्झॉल फास्ट ब्लूमध्ये तंतूंवरचे मायलिनचे आवरण निळे होते आणि चौथ्या व पाचव्या थरांतले आडवे पट्टे उठून येतात. कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत यांहून निराळी आहे. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या क्रियेने मोजक्याच चेतापेशी, पण मुळापासून शेंड्यापर्यंत, काळ्याभोर होतात. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर घनदाट जंगलात एकेक झाड वेगळे दिसू नये तसा गोंधळ झाला असता. मोजक्याच रंगतात म्हणूनच एकेकीचा पूर्ण विस्तार दिसतो आणि वृक्षिकांवरचे बारीक काटेही मोजता येतात. रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून चेतापेशी एकमेकींत मिसळलेल्या नसून स्वतंत्र आहेत हे दाखवले. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले, आणि या मुद्द्यावर गॉल्जींचे मत तेव्हाही उलटच होते. गॉल्जी पद्धतीची स्लाइड पाहताना बारीक स्क्रू सतत हलवत राहावा, कारण हे छेद जाड असतात आणि एक फांदी एकाच पातळीवर कधीच पूर्ण दिसत नाही.

ज्यांना मानवी स्लाइड मिळण्याची सोय नाही, त्यांनी संगणकावर ‘बिगब्रेन’ या नावाने मुक्तपणे उपलब्ध असलेला मेंदू पाहावा. २० मायक्रॉन जाडीचे ७४०४ छेद रंगवून, स्कॅन करून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात पेशींच्या आतले तपशील दिसत नाहीत, पण थरांचे पट्टे उत्तम दिसतात, आणि वळीच्या माथ्यावरून खाचेच्या तळापर्यंत एकाच थराचा माग काढण्याचा सराव काचेच्या स्लाइडपेक्षा तिथे अधिक चांगला होतो.

काम संपल्यावर चौकटीच्या बाजूला क्षेत्र, रंजनपद्धत, वस्तुभिंग आणि तारीख लिहावी, आणि ज्या सीमेबद्दल शंका राहिली तिथे तुटक रेघ द्यावी. अखंड रेघ फक्त मृदुतानिकेलाच शोभते. तैलभिंग वापरले असेल तर भिंग आणि स्लाइड दोन्ही भिंग पुसण्याच्या कागदाने कोरडी करावीत. स्लाइड आडवी, अंधाऱ्या पेटीत ठेवावी, कारण खिडकीशी उन्हात राहिलेल्या छेदाचा रंग हळूहळू उडत जातो, आणि पुढच्या वर्षी ती पाहायला येणाऱ्या मुलाला दुसरा व चौथा थर फिका का दिसतो, याचे कारण सापडत नाही.